उंबरवाडीचे पुण्यातले घर

पुणे, २ फेब्रुवारी १९६९

ती. दादांस,
अच्युतचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र स्वार्थापोटी लिहीत आहे, हे पहिल्याच ओळीत कबूल करतो. म्हणजे तिसऱ्या ओळीत ते ओळखल्याचा आनंद तुम्हाला मिळणार नाही.

आमच्या लोकजीवन संग्रहालयाच्या मागच्या आवारात एक ठाकर घर उभे करायचे ठरले आहे. १२ एप्रिलला दुपारी चार वाजता नॉर्वेच्या विदुषी डॉ. हाल्सन यांच्या हस्ते उद्घाटन. मी येथे आठ वर्षे हंगामी अभिरक्षक आहे, हे तुम्ही जाणताच. दर सहा महिन्यांनी मला कामावरून काढतात, एक दिवस घरी बसवतात आणि पुन्हा घेतात. सौ. इंदू त्या दिवसाला 'आमची एकादशी' म्हणते. संचालकांनी परवा सुचवले की घर नीट झाले आणि बाई प्रसन्न झाल्या, तर मला कायम करता येईल. न झाल्या तर जुलैतली एकादशी संपणार नाही.

तुम्ही बावीस वर्षे कर्जतला संस्कृत शिकवता. डोंगरातली माणसे तुम्हाला ओळखतात. चांगले घर बांधणारे ठाकर मिळवून द्या. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणामातीचे लिंपण, गवताचे छप्पर, आणि लोखंडाचा एकही खिळा नको. घर केवळ पाहण्यासाठी आहे, त्यात कोणी राहणार नाही, एवढे मात्र त्यांना आधीच स्पष्ट सांगा.

आपला,
अच्युत


कर्जत, १२ फेब्रुवारी १९६९

चि. अच्युतास अनेक उत्तम आशीर्वाद.

गत रविवारी अस्मादिकांनी उंबरवाडीवर स्वारी केली. वाहन : काशेळ्यापर्यंत एस. टी., तदनंतर स्वकीय पदद्वय. वेष : काळा कोट, धोतर आणि छत्री. माघ मासी छत्रीचे प्रयोजन काय, असे तू विचारशील. प्रतिष्ठेला ऋतू नसतो.

वाडीचा पुढारी पोशा पादिर. वय माझ्याइतके, दंड माझ्या मांडीइतके. तो अंगणात टोपली विणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "वाट चुकलास काय रं गुर्जी?" त्या एका 'रं'ने माझी प्रतिष्ठा छत्रीसकट मिटली. मी तुझा मनोदय निवेदन केला.

"बांधू की," पोशा म्हणाला. "त्यात काय हाय? पुन्यात लाकूड नाय का पन?"

"लाकूड आहे. बांधणारे नाहीत."

"यवढं मोठं गाव नि घर बांदाया येत नाय कुनाला?"

"येते. पण त्यांना तुमचे घर बांधायचे आहे. लोखंडाचा खिळा न वापरता."

"खिळा आमाला तरी कुटं हाय?"

येथवर मुत्सद्देगिरी निर्विघ्न चालली होती. इतक्यात पोशाची थोरली बहीण ठकी उंबऱ्यात येऊन बसली. ही विधवा, वय साठीच्या आसपास. वाडीतला कोणताही निर्णय पोशा घेतो आणि मग तो ठकीला विचारतो. तिने मला नखशिखान्त न्याहाळून एवढेच विचारले, "त्यात ऱ्हानार कोन?"

या स्थळी एक किरकोळ शंका उपस्थित झाली होती, तिचे निरसन अस्मादिकांनी समयोचित वाक्चातुर्याने केले. तपशील रूक्ष आहे, सबब देत नाही. फलश्रुती : नऊ माणसे मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतील. सामान टेंपोने येईल. मुख्य कारागीर पोशा. भिंतींचे लिंपण आणि चूल ठकीकडे.

सौ. इंदूस आशीर्वाद. तिच्यासाठी नाचणीचे पापड निराळे पाठवीत आहे.

तुझा,
दादा


पुणे, २१ मार्च १९६९

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

घर झाले. अकरा दिवसांत. आमच्या कार्यालयात एक कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायला यापेक्षा अधिक वेळ लागतो. पोशाने मेढीचे खांब रोवण्यापूर्वी हाताने जमीन थोपटली. जशी आपण बैलाची पाठ थोपटतो तशी. मी मोजपट्टी घेऊन मागे मागे हिंडत होतो. शेवटी तो म्हणाला, "सायेब, तू मोजतोस ते आमी आदी बांदतो, मंग मोजून काय करनार?" मी मोजपट्टी गुंडाळली. संचालक मात्र प्रसन्न आहेत. त्यांनी दारावर पाटी लावली : 'ठाकर कुटुंबाचे घर. हात लावू नये.'

एक-दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. इंदू डबा घेऊन येई, तेव्हा ठकीबाई तिला घरात नेऊन जमिनीवर बसवीत. तिचा हात लांब करवून त्या मापाने चुलीचे दगड मांडले. मडकी कोणत्या बाजूला हवीत, हेही तिलाच विचारले. 'अभ्यागत स्त्रीच्या शरीरमानाने चूल मांडण्याची प्रथा' असे मी टिपणवहीत लिहिले आहे. याचा उल्लेख पूर्वी कोठे वाचनात आला नव्हता. जाताना पोशा म्हणाला, "बाराव्या तारखेला समदी येतो." समदी म्हणजे किती, आणि कशासाठी?

दादा, तुम्ही त्यांना नक्की काय सांगितले आहे?

अच्युत


कर्जत, २७ मार्च १९६९

चि. अच्युतास आशीर्वाद.

तुझ्या टिपणवहीतील ती नोंद कृपया खोडून टाक. मानववंशशास्त्र तुझे ऋणी राहील.

ज्या किरकोळ शंकेचा रूक्ष तपशील मी गाळला, तो आता सादर करतो. "ऱ्हानार कोन?" असे ठकीने विचारले. 'कोणीही नाही' हे शब्द जिव्हाग्री आले होते. पण तिच्या मागे घर दिसत होते, घरात धूर होता, आणि ती माणसे मला पेज वाढत होती. त्या क्षणी, बाई, तुम्ही बांधा, आम्ही ते रिकामे ठेवून बाहेरून पाहू, असे सांगण्याची अस्मादिकांना लाज वाटली. वीस वर्षांत इतकी लाज वाटली नव्हती. सवय नसल्यामुळे तोल गेला. मी म्हणालो, "माझा मावसभाऊ राहील. बायकोसह."

तेणेकरून ठकी संतुष्ट झाली. घर कोणाचे ते समजले, चूल कोणाच्या मापाची ते समजले. मग तिने राहायला जाण्याचा दिवस विचारला. एकदा असत्याचा पाया घातल्यावर वर माडी चढवायला काय जाते? मी म्हणालो, "१२ एप्रिल."

आता त्यांची रीत ऐक. उंबरवाडीचा माणूस कोठेही घर बांधो, त्याची पहिली चूल वाडीतल्या विस्तवानेच पेटते. काडेपेटी चालत नाही. बांधणारे तो विस्तव स्वतः नेतात, घरधनीण तो फुंकते, पहिला भात रांधते, आणि सर्वांदेखत घरधनी जेवतो. तात्पर्य, समदी म्हणजे लहानथोर धरून अडतीस. अधिक एक मडके निखारे.

तू शांत राहावेस, असा माझा ज्येष्ठत्वाच्या अधिकाराने आदेश आहे. मी स्वतः शांत नाही.

अपराधी,
दादा


तार
पुणे, ३० मार्च १९६९

उंबरवाडीस थांबवा. आवारात विस्तव वर्ज्य. संचालक उग्र. नोकरी पणास.
अच्युत


कर्जत स्थानक, १२ एप्रिल १९६९, सकाळ

चि. अच्युतास,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेलेले असेल. तथापि बचावाचे भाषण लेखी असावे, म्हणून फलाटावरील बाकावर बसून लिहीत आहे.

तार मिळताच मी पुनश्च उंबरवाडी चढलो. या वेळी छत्री नेली नाही. ठकीला सत्य सांगितले : तेथे कोणी राहणार नाही, ते घर लोकांनी बघायचे आहे.

"तुजा भाऊ नाय ऱ्हानार?"

"नाही."

"मंग त्याला घर नको?"

"त्याला नोकरी हवी. ती या घरावर अवलंबून आहे."

ती पोशाकडे वळली. "बाराला जाऊ नि उतरवून आनू. लाकडं चांगली हायती." आणि मला म्हणाली, "रिकामं घर बांधून आमी मागं येत नाय, गुर्जी. मेलेल्याला बी येवढं एकटं सोडत नाय."

सारांश, बारा तारखेला ते येणार हे अटळ होते. विस्तव घेऊन यायचे की कोयते घेऊन, एवढाच पर्याय शिल्लक राहिला. उद्घाटनसमयी तुझ्या विदुषींसमोर घर पेटती चूल दाखवील, की मेढीमेढीने गाडीत चढेल? मी विस्तव निवडला. निवडला म्हणजे, आठवड्याने परत वर जाऊन, सौ. इंदू राहील, असे पुन्हा वचन दिले. होय, पुन्हा. या खेपेस मात्र तिला आधी पत्र टाकून विचारले होते, आणि तिचे उत्तर माझ्या खिशात आहे. तुला तिने सांगितले नसल्यास मी सांगितल्याचे सांगू नये.

आज पहाटे अडतीस माणसे खाली उतरली. ठकीच्या हातात राखेने झाकलेले मडके. पुण्याची पॅसेंजर लागली. डब्याच्या दारात तिकीट तपासनीस रज्जाकभाई उभे. नेरळचे गृहस्थ, माझे दोन भाचे त्यांच्या शेजारी राहतात. त्यांनी मडक्यात डोकावून पाहिले.

"मावशी, आग घेऊन गाडीत चढता येत नाही."

"कोन बोलला?"

"कायदा बोलला."

ठकीने खिडकीतल्या एका प्रवाशाकडे बोट केले. "मंग त्या बाबाच्या तोंडात काय हाय?"

प्रवाशाने विडी विझवली. डब्यात हशा झाला. रज्जाकभाईंनी टोपी काढून डोके खाजवले. हे न्यायदानाचे लक्षण होय. मग गार्डाच्या डब्यातून वाळूची लाल बादली मागवली. तिच्यावर ठळक अक्षरांत 'आग' असे लिहिलेले होते. वाळूत मडके बसवले आणि म्हणाले, "आता नियमात बसते की नाही ते पुण्याला गेल्यावर बघू. तोवर मी स्वतः हिच्याशेजारी बसतो." ठकीने त्यांना बसायला जागा करून दिली.

घाटासाठी मागून जोडइंजिन लागले आहे. पोरे ते बघायला धावली आहेत. शिट्टी झाली. मी येऊ शकत नाही, कारण अकरावीच्या परीक्षेचा पर्यवेक्षक आहे. हे कारण खरे आहे. त्याचा मला आनंदही झाला, हेही खरे आहे.

दादा


पुणे, १४ एप्रिल १९६९

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

तुमच्यावर रागावण्याचे मी ठरवले होते. वेळ मिळाला नाही.

चार वाजता संचालक आणि मी डॉ. हाल्सन यांना घेऊन मागच्या आवारात गेलो. फीत बांधलेली, कात्री तबकात. फितीच्या पलीकडे, मागच्या फाटकाने आधीच आलेली अडतीस माणसे आणि छपरातून निघणारा धूर. बाई सत्तरीच्या, उंच, काठीच्या आधाराने चालणाऱ्या. संचालकांनी मला विचारले, "हा काय प्रकार आहे?" मी म्हणालो, "घर, सर." त्यांनी भिवाजी शिपायाला पाण्याची बादली आणायला पाठवले.

आत इंदू होती. नऊवारी नेसून, पदर खोचून, चुलीपुढे बसून फुंकत होती. मला तिने सकाळी देवळात जाते असे सांगितले होते. संचालकांनी तिला ओळखले नाही. ते मला म्हणाले, "त्या बाईंना बाहेर यायला सांगा." मी सांगितले. ती म्हणाली, "भात शिजल्यावर."

दरम्यान ठकीबाईंनी पाटी वाचून घेतली होती. भिवाजी बादली घेऊन आला तेव्हा त्या दारात आडव्या उभ्या. "हात लावू नये ल्हिवलंय ना?" त्या म्हणाल्या. "मंग तू पानी कसा लावतो रं?" भिवाजीने बादली खाली ठेवली. त्याचे म्हणणे असे की पाटी संचालकांच्याच सहीची होती.

डॉ. हाल्सन यांनी फीत कापली नाही. त्या तिच्याखालून वाकून आत गेल्या. चुलीजवळ बसल्या. ठकीबाई त्यांना काही विचारू लागल्या आणि मी दुभाष्या झालो.

"तुज्या घरी चुलीपाशी कोन हाय?"

"कोणी नाही. घराला कुलूप आहे."

"कवापासून?"

"चार महिने."

ठकीबाईंनी त्यांच्याकडे जे पाहिले, तसे माझी आई माझ्या तापात माझ्याकडे पाहत असे. त्यांनी बाईंचा हात धरून निखाऱ्यांवर शेकवला. एप्रिल महिन्यात, दादा. बाईंनी हात काढून घेतला नाही. मग भात झाला. मी सर्वांसमोर जेवलो. आठ वर्षांत त्या आवारात मी प्रथमच मांडी घालून बसलो असेन. पोरे टक लावून पाहत होती, मी नीट जेवतो की नाही. नंतर पोशाने पहिला घास झाल्याची आरोळी दिली आणि नाच सुरू झाला. तो अडीच तास चालला. शेवटच्या अर्ध्या तासात भिवाजीही त्यात होता.

अभिप्रायवहीत बाईंनी लिहिले : 'तीन खंडांत अशी एकतीस घरे पाहिली. सर्व झाडलेली, सर्व थंड. माझ्या डोळ्यांत धूर गेलेले हे पहिले.' संचालकांनी ते दोनदा वाचले. सहा वाजता वार्ताहर आला, तेव्हा ते त्याला सांगत होते, "चूल पेटती ठेवण्याची कल्पना आमच्या मनात प्रथमपासून होती."

तरी माझ्या नोकरीविषयी ते अवाक्षर बोलले नाहीत. जाताना पोशाने त्यांना तेवढेच बजावले, की चूल तीन दिवस थंड राहिली तर वाडी येऊन घर उतरवून नेईल. ते हसले. मला वाटते, पोशा हसत नव्हता.

सध्या इंदू सकाळ-संध्याकाळ जाऊन चूल पेटवते.

अच्युत


कर्जत, २० एप्रिल १९६९

चि. अच्युतास आशीर्वाद.

तुझे पत्र मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचले. गणिताचे शिक्षक, जे १९५४ नंतर हसलेले नाहीत, ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

काल उंबरवाडीस गेलो. तुमच्या संग्रहालयाविषयी वाडीत उद्बोधक व्याख्याने चालू आहेत. नाच संपल्यावर भिवाजीने सर्वांना आतली दालने दाखवली म्हणे. मासे पकडण्याच्या एका बांबूच्या साधनाखाली 'उपयोग अज्ञात' असे लिहिले आहे, त्यावर वाडी अद्याप हसते आहे. पोशाने भिवाजीला उपयोग सांगितला आणि त्याने तो पेन्सिलीने पाटीवर लिहिला. ठकीचे मत अधिक गंभीर आहे. "येवढी समदी भांडी हायती नि शिजवत कोन नाय. काचंला नाकं लावून बघतात. त्यांच्या घरी भांडी नाय का?"

मी म्हणालो, आहेत. मग तिला वाईट वाटले.

बाबा रे, विनोद पुरे. या प्रकरणात तुझी नोकरी मी पणाला लावली, तुला न विचारता. तुझा निकाल काय लागला ते एका ओळीत कळव. वाईट असेल तर मी पुण्यास येऊन तुझ्या संचालकांपुढे उभा राहीन आणि त्यांना संस्कृतात शिव्या देईन. त्या त्यांना स्तोत्रासारख्या वाटतील.

दादा


पुणे, २५ मे १९६९

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

उशीर झाला, कारण घर बदलत होतो.

नॉर्वेहून संस्थेला पत्र आले. डॉ. हाल्सन तेथल्या आपल्या विद्यार्थ्यांना 'ते पेटते घर' पाहायला पाठवणार आहेत. त्याच आठवड्यात इंदूला ताप भरला आणि दोन दिवस चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी संचालक स्वतः चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेले भिवाजीला दिसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, धुराचे असावे. दुपारी त्यांनी मला बोलावले. आदेश सोबत नकलून पाठवतो :

'श्री. अच्युत वामन केळकर यांस निवासी अभिरक्षक या पदावर कायम करण्यात येत आहे. त्यांनी सदर घरात सपत्नीक वास्तव्य करून चूल अखंड चालू ठेवावी.'

इंदूने तो वाचला आणि म्हणाली, "दादा खोटं बोललेच नव्हते. जरा लवकर बोलले, इतकंच." आम्ही भाड्याच्या दोन खोल्या सोडल्या. आता मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचतो आणि लोक रांगेने मला पाहतात. परवा एका लहान मुलीने आईला विचारले, हे खरे आहेत का. मी पान उलटून दाखवले. 'हात लावू नये' ही पाटी इंदूने उतरवून पाटावरवंट्याखाली घातली आहे. तो डुगडुगत होता.

काल पोशा आणि ठकीबाई पावसाळ्यापूर्वी छप्पर पाहायला आली. मी त्यांना आदेश वाचून दाखवला.

"कायम म्हंजी काय रं?" ठकीबाईंनी विचारले.

मी सांगितले, अठ्ठावन्न वर्षांचा होईपर्यंत मला येथून कोणी काढणार नाही. म्हणजे आणखी एकवीस वर्षे.

त्यांनी वर छपराकडे पाहिले. गवत तीन पावसाळे टिकते. मग वाडीने येऊन सगळे नवे शाकारायचे. त्या बोटांवर मोजू लागल्या. पोशाही मोजू लागला. दोघांचे जुळेना. पुन्हा मोजले.

"सात येळा," ठकीबाई म्हणाल्या. "मी दोनदा येन. पोशा चारदा येल, मंग त्याचा लेक." आणि इंदूकडे वळून, "पन भात तूच रांधायचा गं, पोरी. हा फुंकतो तवा नुसता धूर करतो."

तुम्ही सुट्टीत या.

तुमचा,
अच्युत